रिव्हॉल्व्हरचें चक्र कां अडतें?

सॅम्युएल कोल्ट यानें १८३६ सालीं अमेरिकेंत रिव्हॉल्व्हरचें पेटंट घेतलें. त्या काळची काळी दारू जळाली म्हणजे तिचा निम्म्याहून अधिक भाग मळी होऊन मागें राही. नळी व चक्र यांमधील बारीक फटींत ती साचली, कीं चक्र अडे. १८८४ सालीं फ्रान्समध्यें धूररहित दारू निघाली. मळी घटली, पण दोष संपला नाहीं.

चक्र अडल्यास जोर करूं नये. नळी निर्धोक दिशेस धरून काडतुसें काढावीं. रिकामें चक्रहि अडलें, तर फट व आंस स्वच्छ करावीं. तें मोकळें फिरलें, तर बहुधा काडतुसाच्या बुडाची टोपी मागें सरकून घासत असते. चक्र उघडेचना, तर आंत जिवंत काडतूस आहे असेंच मानून जाणत्या कारागिरास बोलवावें. उतावळेपणानें मारलेला एक ठोका प्राणावर बेततो.