स्वतःच्या डोमेनवरचा ईमेल: संशोधकाला तो का लागतो आणि कसा सांभाळायचा

तुमचा पहिला पेपर छापून येईल तेव्हा नावाखाली एक ईमेल पत्ता असेल. पेपर कायम राहतो, पण पत्ता राहीलच असं नाही. विद्यापीठाचा ईमेल बहुतेक ठिकाणी प्रवेश असेपर्यंतच चालतो. व्हायवा झाला, पदवी हातात आली की काही काळाने तो बंद होतो. त्यानंतर कुणी तुमचा डेटा मागितला, एखाद्या तक्त्यातली चूक दाखवली किंवा पोस्टडॉकसाठी विचारलं, तर ते पत्र तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

"मग जीमेल आहे की!" असं तुम्ही म्हणाल. चालतं, पण तो पत्ता कंपनीचा असतो. सेवा बदलली की पत्ताही सोडावा लागतो. स्वतःच्या डोमेनवर मात्र मोबाईल नंबर पोर्ट केल्यासारखं होतं: कंपनी बदला, पत्ता तोच.

सुरुवातीला काय लागतं?

तीन गोष्टी: डोमेन, त्याचा डीएनएस (म्हणजे डोमेनची जाहीर नोंदवही) आणि मेलबॉक्स देणारी सेवा.

डोमेन शक्यतो स्वतःच्या नावाचं घ्या. फोनवर सांगितलं तर समोरच्याला स्पेलिंग कळेल इतकं सोपं असावं. विषयाचं नाव टाळा, कारण पीएचडीनंतर विषय बदलू शकतो. डॉट इन डोमेनचं व्यवस्थापन निक्सी ही संस्था बघते, पण नोंदणी रजिस्ट्रार कंपनीकडे करायची असते. एसी डॉट इन आणि आरईएस डॉट इन ही डोमेन एर्नेटमार्फत शिक्षण आणि संशोधन संस्थांना मिळतात, व्यक्तीला नाही.

मेलबॉक्ससाठी झोहो मेल, गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ असे पर्याय आहेत. स्वतःचा मेल सर्व्हर चालवायच्या भानगडीत पडू नका. सर्व्हरच्या आयपी पत्त्याची पत राखणं, स्पॅम अडवणं, बॅकअप घेणं हे पूर्णवेळ काम आहे, आणि तुम्हाला थीसिस लिहायचाय.

चार नोंदी नीट समजून घ्या

ईमेलचा मूळ प्रोटोकॉल एसएमटीपी १९८२ सालचा. पाठवणारा खरा कोण, हे तपासायची सोय त्यात नव्हती. कुणीही कुणाच्याही नावाने पत्र पाठवू शकत होतं. पुढच्या नोंदींपैकी शेवटच्या तीन ही उणीव भरून काढतात.

१. एमएक्स: तुमच्या डोमेनवर आलेलं पत्र कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते ही नोंद सांगते. प्रत्येक नोंदीला एक आकडा असतो आणि लहान आकड्याचा सर्व्हर आधी विचारला जातो. जुन्या सेवेच्या एमएक्स नोंदी राहिल्या तर पत्रं चुकीच्या दारात जातात, म्हणून त्या काढून टाका.

२. एसपीएफ: तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात, त्याची यादी. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद हवी. दुसरी सेवा जोडताना नवी नोंद करू नका, आहे त्याच नोंदीत भर घाला. दोन नोंदी असल्या तर तपासणीच फसते.

३. डीकेआयएम: प्रत्येक पत्रावरची डिजिटल सही. खासगी किल्ली मेल सेवेकडे राहते, सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये ठेवायची. पत्र वाटेत बदललं तर सही जुळत नाही.

४. डीमार्क: वाचणाऱ्याला 'फ्रॉम'मध्ये दिसणारं डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकेआयएमने तपासलेलं डोमेन जुळतं का, हे यात बघितलं जातं. जुळलं नाही तर काय करायचं तेही तुम्हीच सांगता: काही करू नका, स्पॅममध्ये टाका किंवा नाकारा. सुरुवात पहिल्यापासून करा, सगळं सुरळीत दिसलं की नियम कडक करा.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने हे नियम कडक केलेत. साध्या पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक लागतं, घाऊक पाठवणाऱ्याला तिन्ही. तुम्ही तिन्ही करून ठेवा. मग जीमेलच्या एखाद्या खात्यावर पत्र पाठवून तिथे 'शो ओरिजिनल' उघडा. तिन्हींपुढे 'पास' दिसलं की झालं.

खरी जबाबदारी पुढे आहे

डोमेन विकत मिळत नाही, मुदतीवर मिळतं. नूतनीकरण चुकलं आणि ते दुसऱ्या कुणी घेतलं, तर तुमची पत्रं त्याच्याकडे जाऊ लागतात. 'पासवर्ड विसरलो' ची लिंकसुद्धा! हा धोका काल्पनिक नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एनपीएम या जावास्क्रिप्ट भांडारातल्या देखभाल करणाऱ्यांचे २,८१८ ईमेल पत्ते मुदत संपलेल्या डोमेनवर असल्याचं आढळलं. ते डोमेन विकत घेणाऱ्याला त्यांची पॅकेजेस ताब्यात घेता आली असती.

म्हणून एवढं कराच:

- ऑटो-रिन्यू चालू ठेवा आणि जमल्यास काही वर्षांचे पैसे एकदम भरा. कार्डाची मुदत संपली की ऑटो-रिन्यूही थांबतं, हे लक्षात असू द्या.
- रजिस्ट्रारच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेन बंद पडलं तर इशाऱ्याचं पत्रही मिळणार नाही. किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावल्यासारखं होईल ते.
- रजिस्ट्रार आणि मेलबॉक्स, दोन्हीकडे टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा.
- अधूनमधून सगळ्या पत्रांची प्रत स्वतःच्या हार्डडिस्कवर घ्या.

विद्यापीठाचा ईमेल सोडायचा का?

नाही. गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलला पडताळणीसाठी संस्थेचाच पत्ता लागतो. संशोधनात सहभागी होणाऱ्यांशी होणारा पत्रव्यवहारही तुमच्या संस्थेच्या नियमांप्रमाणेच करा, आणि त्यांची माहिती खासगी मेलबॉक्सकडे वळवू नका. ऑर्किडमध्ये मात्र एकापेक्षा जास्त ईमेल नोंदवता येतात. तिथे दोन्ही पत्ते टाका, म्हणजे विद्यापीठाचा बंद झाला तरी खातं हातातून जाणार नाही. पेपरवर कोणता पत्ता द्यायचा ते गाईडशी बोलून ठरवा. जर्नल परवानगी देत असेल तर दोन्ही द्या.

हे सगळं एका दुपारचं काम आहे. डीएनएसमधले बदल सगळीकडे पोचायला कधीकधी एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे पेपर सबमिट करायच्या आदल्या रात्री हे काढू नका. पीएचडीच्या पहिल्या वर्षात करून टाका, म्हणजे पहिल्या पेपरपासूनच टिकणारा पत्ता छापला जाईल.