सगळं ठरलेलंच असतं! मग?

खरं सांगा, तुमच्या घरच्या माळ्यावर कुठल्या तरी डब्यात रबर बँड लावलेला ट्रम्प कार्डांचा गठ्ठा अजून आहे ना? खलीचं कार्ड आलं की 'उंची' ओरडायचं आणि समोरच्याचं कार्ड ओढायचं. रे मिस्टेरिओ आला की तोंड पडायचं, बिचारा उंचीतही मार खायचा आणि वजनातही. पलंगावरून उडी मारून धाकट्या भावंडाला चोकस्लॅम दिल्याबद्दल आईच्या हातचा मारही खाल्ला असेल. तो मात्र अजिबात ठरवून नसायचा.

मग एक दिवस कुणीतरी म्हणालं, 'अरे, ते सगळं खोटं असतं.' आणि आपण डब्ल्यूडब्ल्यूई सोडलं.

आमच्या घरात ते 'कुणीतरी' मी होते. एप्रिल २०१४. रेसलमेनियात सलग २१ वेळा जिंकलेला अंडरटेकर ब्रॉक लेसनरकडून हरला. मी पाचवीत, भाऊ तिसरीत. तो इतका रडला की जेवला नाही. वर्गातल्या मुली मला आधीच 'मुलगी असून मारामारी काय बघतेस' म्हणून चिडवत होत्या. त्याचा सगळा राग मी त्याच्यावर काढला. 'रडतोस काय येड्यासारखा, आधीच ठरलेलं असतं सगळं.' त्यानंतर तो माझ्यासमोर कधी रेसलिंग बघायला बसला नाही. मीही बघणं बंद केलं. मोठी झाले ना!

पुन्हा सुरू झालं ते चक्क कॉलेजच्या लेक्चरमुळे. मास कॉमला सेमिऑटिक्स नावाचा एक झोप आणणारा विषय असतो. त्यात रोलाँ बार्थ नावाचे फ्रेंच विचारवंत भेटले. १९५७ मध्ये आलेल्या 'मिथॉलॉजीज' या त्यांच्या पुस्तकातला पहिलाच लेख चक्क रेसलिंगवर आहे! मी ताडकन जागी झाले. बार्थ म्हणतात, बॉक्सिंगच्या मॅचवर पैज लावता येते, रेसलिंगवर लावण्यात काही अर्थच नाही. कारण तो खेळ नाही, ते नाटक आहे. कोण जिंकणार यापेक्षा दुःख, अन्याय, सूड हे सगळं शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसेल इतकं मोठं करून दाखवणं, हे तिथलं काम.

माझे आजोबा हेच वेगळ्या शब्दांत म्हणायचे. त्यांनी कोल्हापूरच्या खासबागेत कुस्त्या पाहिलेल्या. आमचा टीव्ही बघून म्हणायचे, 'ही कसली कुस्ती? ही तर नुरा!' नुरा कुस्ती म्हणजे आतून ठरवून केलेली लढत. राजकारणाच्या बातम्यांत हा शब्द तुम्ही आजही वाचता. पण आजोबा, इथे एक फरक आहे. आखाड्यात नुरा ही फसवणूक, कारण प्रेक्षकाला ती खरी म्हणून दाखवलेली असते. डब्ल्यूडब्ल्यूईनं (तेव्हाची डब्ल्यूडब्ल्यूएफ) तर १९८९ मध्येच न्यू जर्सीच्या सिनेटसमोर सांगून टाकलं होतं की हे मनोरंजन आहे. कारण काही थोर नव्हतं, त्यांना क्रीडा आयोगाचे नियम आणि कर टाळायचे होते. पण गुपित तेव्हाच फुटलं. आपण जन्मायच्याही आधी! म्हणजे 'खोटं असतं' हे आपण मोठ्या शहाणपणानं सांगत होतो तेव्हा ती बातमी पंचवीस वर्षं शिळी होती.

निळू फुले पडद्यावर आले की बायका बोटं मोडायच्या म्हणतात. त्यांना काय माहीत नव्हतं, हा नट आहे म्हणून? रेसलिंगमध्ये या खलनायकाला 'हील' म्हणतात आणि नायकाला 'बेबीफेस'. हीलचं यश कशात? तर हजारो लोकांनी त्याला मनापासून शिव्या घालण्यात.

आणि ठरलेलं असतं म्हणजे लागत नाही, असंही नाही. रिंगच्या कापडाखाली पातळ फोम, त्याखाली लाकडी फळ्या आणि लोखंडी सांगाडा असतो. पाठीवर पडताना हनुवटी छातीला टेकवायची, हात पसरून आपटायचे म्हणजे आघात वाटला जातो, हे महिनोन्‌महिने शिकावं लागतं. सुप्लेक्समध्ये उचलला जाणाराच उडी मारून मदत करतो. म्हणजे जो तुमचा खून करायला निघालाय असं दिसतं, त्याच्याच हातात तुमची मान विश्वासानं दिलेली असते. कधी चुकतंही. मार्च २०२२ मध्ये अशाच एका सुप्लेक्समध्ये बिग ईची मान मोडली. त्यानंतर तो रिंगमध्ये लढलेला नाही.

एकच मॅच बघणार असाल तर जून २०२२ ची कोडी ऱ्होड्स विरुद्ध सेथ रॉलिन्स बघा, हेल इन अ सेलमधली. कोडीच्या छातीचा स्नायू मॅचच्या आधीच फाटला होता. त्यानं जाकीट काढलं आणि अर्धी छाती वांग्याच्या रंगाची! प्रेक्षक क्षणभर गप्पच. त्या अवस्थेत तो वीसेक मिनिटं लढला. निकाल ठरलेला असेलही, ती छाती कुणी लिहून दिली नव्हती. आणि हे सगळं करणारे कागदोपत्री कंपनीचे कर्मचारीसुद्धा नसतात, कंत्राटी असतात. (आम्हा इंटर्न लोकांना हे वाचून उगाच जवळचं वाटलं.)

मधल्या काळात बरंच बदललंय. आपल्या वेळी बायकांच्या मॅचेस म्हणजे पाणी प्यायला उठायची वेळ. २०१९ च्या रेसलमेनियाची शेवटची, सगळ्यात मोठी मॅच बेकी लिंच, शार्लट फ्लेअर आणि राँडा राउझी यांची होती. पाचवीतल्या मला हे कुणीतरी दाखवायला हवं होतं. सगळंच भारी आहे असं नाही हं. रॉचे लांबलचक एपिसोड मी अजूनही पुढे ढकलत बघते.

डिसेंबरात जॉन सीनाची शेवटची मॅच होती. तिकडे वॉशिंग्टनमध्ये १३ तारखेची रात्र, आपल्याकडे रविवारची सकाळ. भाऊ आता पुण्यात हॉस्टेलवर असतो. आमचं बोलणं म्हणजे आईनं फोन हातात दिला तर. त्याला आदल्या रात्री मेसेज केला, 'उद्या सीना. बघणारेस?' बऱ्याच वेळानं उत्तर आलं, 'तू कधीपासून?'

सकाळी व्हिडिओ कॉल लावून बसलो. वर्षानुवर्षं 'नेव्हर गिव्ह अप' छापलेला टॉवेल मिरवणारा सीना गुंथरच्या स्लीपरमध्ये अडकला. सुटला, परत अडकला. मग तो हसला. आणि त्यानं हात आपटून हार मानली. प्रेक्षक खवळले, नंतर आलेल्या ट्रिपल एचला त्यांनी बोलूही दिलं नाही.

आमच्या कॉलवर शांतता. माझे डोळे भरून आलेले, भावानं ते बरोबर पाहिलं. बारा वर्षं सांभाळून ठेवलेलं वाक्य त्यानं सावकाश, अगदी माझ्याच सुरात परत केलं.

'रडतेस काय येड्यासारखी, आधीच ठरलेलं असतं सगळं.'

मग म्हणाला, 'कार्डं माझ्याकडेच आहेत. सुट्टीत आणतो.'