सव्वीस पौंडांचा शिकारी

जुन्या शिकारकथा वाचताना मी शिकारीची पानं भराभर उलटतो आणि सामानाच्या यादीपाशी थांबतो. ही खोड जुनी आहे. कोणी किती कांबळी घेतली, काडतुसं किती, चहा किती आणि हे सगळं कोणाच्या पाठीवर लादलं, ते त्या यादीत उघड होतं. वाघाबद्दल थापा मारणारा माणूससुद्धा सामानाबद्दल सहसा खरं बोलतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा जमाना संपला, आणि ते बरंच झालं. अमेरिकेत मात्र पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, म्हणजे व्हाइटटेलची, शिकार दर वर्षी रीतसर परवाना काढून होते. पुष्कळदा पैसे मोजून घेतलेल्या वाटाड्याबरोबर. तिथल्या याद्यांचा माग काढत गेलं की वाट न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरांत आणि तळ्यांत जाते.

१८५८ साली फॉलेन्सबी तळ्याकाठी इमर्सन, लोवेल, लुई अगासी अशी विद्वान मंडळी तळ ठोकून राहिली. चित्रकार विल्यम स्टिलमननं सगळी जमवाजमव केली होती. कवी लाँगफेलोलाही आमंत्रण होतं, पण इमर्सन बंदूक घेऊन येतोय हे कळताच कोणीतरी नक्की गोळी खाणार म्हणत त्यानं अंग काढून घेतलं. एका रात्री स्टिलमन इमर्सनला नावेतून हरणाच्या शिकारीला घेऊन गेला. हरीण समोर उभं, तरी तत्त्ववेत्त्याला ते काही दिसेना. माझ्या मते त्या सबंध मुक्कामातला सगळ्यात निरुपद्रवी बंदूकधारी तोच.

या रानाला खरी गर्दी आणली ती एका पाद्र्यानं. बॉस्टनच्या पार्क स्ट्रीट चर्चचा पाद्री विल्यम मरे याचं ॲडिरॉन्डॅकवरचं पुस्तक १८६९ साली आलं आणि त्या उन्हाळ्यात शहरातली माणसं गाड्या भरभरून रानात उतरली. पाऊस धो धो, काळ्या माश्या चावून हैराण करणाऱ्या, खाणावळींत जागा नाही. या यात्रेकरूंना लोकांनी ‘मरेची खुळी’ असं नाव दिलं. पुस्तकातली हरणं आणि मासे यांची वर्णनं तर थेट कीर्तनकाराची आहेत. पण तयारीची प्रकरणं पक्क्या माणसाची वाटतात. लोकरीचे आतले कपडे, जाडजूड विजार, फेल्टची टोपी, कांबळी आणि माश्यांसाठी हरणाच्या कातड्याचे हातमोजे, त्यांना कोपरापर्यंत शिवलेल्या चामड्याच्या बाह्या. बायकांनी आखूड झगा आणि घोट्याशी घट्ट बांधलेले तुर्की पायजमे घालावेत, तोंडावर बारीक मलमलीची जाळी घ्यावी, हेही तो लिहितो. १८६९ सालच्या पाद्र्यानं हे लिहावं म्हणजे कौतुकच.

तरी सगळ्यात महत्त्वाची निवड वाटाड्याची, असं मरेचं ठाम मत. विनोदी वाटाड्या, बडबड्या वाटाड्या, आळशी वाटाड्या असे नमुने त्यानं एकेक करून सोलून काढले आहेत. चांगल्याचा भाव दिवसाला अडीच डॉलर. त्या अडीच डॉलरांत काय काय येत होतं? देवदाराच्या पातळ फळ्यांची वल्ह्यांची नाव वाटाड्याची स्वतःची. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना ती उलटी करून, लाकडी जू मानेवर घेऊन, तीस किलोंच्या आसपासचं ते धूड तो रानातून चालवत नेई. शिवाय स्वयंपाक, लाकूडतोड, पाहुण्याला हरणापाशी नेणं आणि पाहुण्याचा नेम चुकला तर सभ्यपणे गप्प बसणं.

याच व्यवस्थेला खेटून उभा राहिलेला माणूस मला या सगळ्या शोधात सापडला आणि बाकीचे फिके पडले. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स. पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरोचा, जोडे शिवून पोट भरणारा. पाच फूट तीन इंच उंची, वजन पन्नास किलोंच्या आसपास, छाती अधू. ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या साप्ताहिकात तो ‘नेसमक’ या नावानं लिही. लहानपणी ज्या आदिवासी मित्रानं त्याला रान दाखवलं, त्याचं हे नाव. वाटाड्या परवडत नव्हता आणि वाटाड्याची नाव खांद्यावर पेलण्याची ताकद नव्हती. मग त्यानं कँटन गावच्या जे. हेन्री रश्टन या नाव बांधणाऱ्याला गाठलं आणि हलक्यात हलकी कनू मागितली. १८८० साली मिळालेली पहिली जेमतेम अठरा पौंडांची होती. नेसमकचं समाधान होईना. १८८३ साली रश्टननं नऊ फूट लांबीची, साडेदहा पौंडांची, म्हणजे पावणेपाच किलोंची कनू बांधून दिली. डिकन्सच्या कादंबरीतल्या दारुड्या सुईणीवरून तिचं नाव ‘सेअरी गॅम्प’ ठेवलं, कारण तीही पाण्याला शिवत नसे! साठी ओलांडलेला हा माणूस तीत बसून २६६ मैल हिंडला.

पुढच्याच वर्षी त्याचं ‘वुडक्राफ्ट’ आलं. त्यात त्यानं आपल्या ओझ्याचा हिशेब दिला आहे: कनू, जादा कपडे, अंथरूण, दोन दिवसांचा शिधा, खिशातली कुऱ्हाड, गळाची काठी, पाठपिशवी, सगळं मिळून सव्वीस पौंडांच्या वर कधी गेलं नाही. बारा किलो! आज विमानात केबिनमध्ये बॅग नेताना आपण सात किलोंवरून हुज्जत घालतो. पाती दोन असलेली छोटी कुऱ्हाड, एक साधा सुरा आणि एक घडीचा जाड चाकू, या तीन हत्यारांवर त्याचं रान चाले. दुकानदारांनी खपवलेल्या भारंभार वस्तू पाठीवर घेऊन रानात घामाघूम होणाऱ्या शहरी लोकांवर तो मनापासून हसतो. मला त्याचं हसणं पटतं, जरी त्याच्या काटकसरीमागे तत्त्वज्ञानाइतकंच रिकामं पाकीट होतं हे विसरता येत नाही.

पुस्तकातला माझा लाडका मजकूर म्हणजे माश्या आणि चिलटांवरच्या लेपाची कृती. पाइनचं डांबर तीन औंस, एरंडेल दोन औंस, पेनीरॉयल या पुदिन्याच्या जातभाईचं तेल एक औंस. मंद आचेवर एकजीव करून बाटलीत भरायचं. अंगाला चोपडायचं आणि धुवायचं नाही. थरावर थर चढून कातडीला वॉर्निश बसलं पाहिजे, साबण लावला की मेहनत वाया. एरंडेलाच्या नुसत्या नावानं ज्यांच्या पोटात अजून गोळा येतो, त्यांनी डांबरात मुरलेल्या या म्हाताऱ्याच्या वासाची कल्पना करून पाहावी. त्या वासाचा प्रश्न पुढे येणारच आहे.

त्याआधी एका भांडणाकडे वळू. त्या काळात पाहुण्याला खात्रीनं हरीण दाखवायचे वाटाड्याकडे दोन मार्ग होते. एक म्हणजे बत्ती: रात्री नावेच्या नाकाडावर दिवा लावून आवाज न करता वल्हवायचं, उथळ पाण्यात कमळाचे देठ खाणारं हरीण उजेडाकडे बघत थिजून उभं राहतं, त्याचे डोळे चमकतात. आपल्याकडच्या जीपमधल्या शिकाऱ्यांनी वेगळं काही केलं नाही. दुसरा मार्ग कुत्र्यांचा. कुत्री हरणाला पिटाळत तळ्यात घालत, वाटाड्या नाव वल्हवत त्याला गाठे आणि पाहुणा हातभर अंतरावरून गोळी घाली. कधी तर वाटाड्या पोहत्या हरणाची शेपटी धरून ठेवी. विन्स्लो होमरचं १८९२चं ‘हाउंड अँड हंटर’ हे चित्र या विषयावरचं आहे. पोरगा जिवंत हरणाला बुडवतोय असा बोभाटा झाल्यावर ते आधीच मेलेलं आहे हे होमरला सांगत बसावं लागलं. स्वतः होमर तिथल्याच एका शिकारी क्लबाचा सभासद होता, त्यामुळे चित्रातला कोरडेपणा मला जास्त बोचतो. १८८५ साली राज्यानं कुत्र्यांवर बंदी घातली, पुढच्याच वर्षी ढिली केली. १८९७ साली बत्ती आणि कुत्री दोन्ही बंद झाली. त्याच वर्षी मेन राज्यानं वाटाड्यांना परवाने देणं सुरू केलं, आणि पहिला परवाना कॉर्नेलिया क्रॉस्बी या सहाफुटी बाईला मिळाला.

विसाव्या शतकाची सुरुवात झाली तेव्हा अमेरिकेत जेमतेम पाचेक लाख व्हाइटटेल उरली होती. बाजारासाठीची शिकार थांबली, परवान्यांचे नियम कडक झाले. आज आकडा तीन कोटींच्या घरात आहे, आणि न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींच्या परसबागा ती बिनदिक्कत फस्त करतात.

बत्ती आणि कुत्री गेल्यावर हरणानं आपणहून शिकाऱ्याजवळ यावं लागतं, आणि त्याच्या आड सगळ्यात मोठी गोष्ट येते ती हरणाचं नाक. इथून सामानाच्या यादीला नवे पाय फुटले. झाडावरच्या मचाणावर बसायचे कपडे सक्रिय कार्बनचे, माणसाचा वास शोषून घेणारे. वास नाहीसा होतो अशा जाहिराती झाल्या. २००७ साली मिनेसोटातल्या काही शिकाऱ्यांनी या कपड्यांच्या कंपनीला आणि विकणाऱ्या दुकानांना कोर्टात खेचलं. २०१० साली न्यायाधीशांनी वास ‘नाहीसा’ करण्याचे दावे खोटे ठरवले. २०११ साली वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला, कारण ग्राहक ‘नाहीसा’चा अर्थ शंभर टक्के असाच घेतो हे सिद्ध झालेलं नव्हतं. वकिली शहाणपण म्हणून ठीक. पण त्याआधी, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे कपडे घालून लपलेली माणसं शोधकुत्र्यांनी जवळपास सगळी हुडकून काढली होती. त्यामुळे वारा हरणाकडून आपल्याकडे येईल असं मचाण निवडणारा वाटाड्या मी कुठल्याही कपड्यापेक्षा महाग मानीन. वारा बरोबर असेल तर नेसमकचं डांबरही चाललं असतं.

रंगाची गोष्ट मात्र विज्ञानानं निकालात काढली. मॅसॅच्युसेट्समध्ये १९६०च्या सुमारास झालेल्या चाचण्यांत भडक नारिंगी माणसाला सगळ्यात लवकर दिसतो असं आढळलं, आणि आज बहुतेक राज्यांत बंदुकीच्या हंगामात नारिंगी अंगावर असावा लागतो. हरणाला तो दिसत नाही का? १९९२ साली जॉर्जिया विद्यापीठात झालेल्या अभ्यासातून कळलं की हरणाच्या डोळ्याला तांबडा-नारिंगी वेगळा काढता येत नाही. निळा मात्र त्याला चांगला कळतो. म्हणजे नारिंगी जाकीट बेलाशक घालावं आणि निळी जीन्स घरी ठेवावी. कपडे उजळ करणाऱ्या साबणाच्या पावडरीही टाळाव्यात, कारण त्यांच्यातली द्रव्यं नेमकी निळ्या बाजूला चमकतात.

वाटाड्याबरोबर जाणाऱ्यानं उरलेली यादी त्यालाच विचारावी, कारण मचाण, गाडी, मांस थंड ठेवायची सोय हे बहुधा त्याच्याकडेच असतं. पाहुण्याचं स्वतःचं असं थोडंच उरतं: परवाना (आयोवासारख्या राज्यात बाहेरच्या माणसाला तो सोडतीत लागतो, काही वर्षं वाट बघून), थर काढता-घालता येतील असे लोकरीचे कपडे, चालताना न वाजणारे बूट, दुर्बीण, आणि मचाणावर चढतानाच अंगाला बांधायचा पट्टा. या पट्ट्याकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि गोळीपेक्षा मचाणावरून पडून जायबंदी होणारे शिकारी कितीतरी राज्यांत जास्त असतात. पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी चांगला वाटाड्या आधी चांदमारी करायला लावतो. प्रवासात बंदुकीवरच्या दुर्बिणीचा नेम हलला आहे का, हे बघायचं असं तो सांगतो. पाहुण्याचा हात किती स्थिर आहे, तेही त्याला तेव्हाच कळतं, आणि उद्या पहाटे कोणतं मचाण द्यायचं ते तो त्यावरून ठरवतो.