*तागावरची ज्वारी : तिफण धरण्याआधी माती उकरून बघा*



ज्यांनी खरिपात रान मोकळं न ठेवता ताग किंवा धैंचा टाकलाय आणि त्यावर रब्बी ज्वारी घ्यायचीय, त्यांनी हा मेसेज शेवटपर्यंत वाचावा.

*अडचण कुठं होते?*
दाट हिरव्या रानात पतंग अंडी घालतात. ताग गाडला तरी रोप कुरतडणारी अळी मातीत जिवंत राहते. चार दिवसांत ज्वारी पेरली की तिला खायला फक्त आपला कोवळा कोंब उरतो. रोपं रात्रीतून जमिनीलगत कापली जातात. दोष तागाचा नाही, आपल्या घाईचा आहे.

*काय करायचं?*
✅ ताग फुलावर येताच, ऑगस्टअखेरपर्यंत गाडा. जून झाला की काड्या लवकर कुजत नाहीत.
✅ गाडणी ते पेरणी १५ ते २० दिवस जाऊ द्या. मधे वखर घाला. रानात आणि बांधाला हिरवं तण ठेवू नका, अळी उपाशी मरते.
✅ पेरणीआधी चार-पाच ठिकाणी चार बोटं खोल उकरा. हात लावताच गोल होणारी मातकट अळी सापडली तर सकाळी वखर मारा. वर आलेल्या अळ्या पक्षी टिपतात. पाच-सहा दिवसांनी परत बघा.

*पण जास्त थांबूही नका*
ज्वारी १५ सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पडायला हवी. उशिरा पेरली की खोडमाशी वाढते, पोंगा वाळतो. मालदांडी असो की परभणी मोती, बीजप्रक्रिया करूनच पेरा. औषधाच्या लेबलवर ज्वारीचं नाव आणि मात्रा बघून घ्या.
ताग गाडायलाच उशीर झाला असेल तर त्या रानात ज्वारीचा हट्ट सोडा, ओल बघून ऑक्टोबरात हरभरा घ्या. उकरून बघायचा नियम तिथंही तोच.

*उगवल्यावर*
कापलेलं रोप दिसलं की बुडाशी खुरप्यानं उकरा, अळी तिथंच दडलेली असते. संध्याकाळी ओळींत गवताचे छोटे ढीग ठेवा, सकाळी खालच्या अळ्या वेचून मारा. नुकसान एका कोपऱ्यात असेल तर सगळ्या रानावर फवारू नका. अळ्या खाणारे भुंगेरे आणि कोळीही त्यात मरतात.

अळी ओळखू येत नसेल तर फोटो ग्रुपवर टाका, किंवा किसान कॉल सेंटरला विचारा : १८०० १८० १५५१ (मोफत).

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सोनपेठ