सर्वो यंत्रणा (जीएमआरटी)

जीएमआरटीची सर्वो यंत्रणा ही पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, खोडद येथे असलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप या दुर्बिणीच्या अँटेना आकाशातील इष्ट बिंदूकडे वळवणारी व तेथे रोखून धरणारी यंत्रणा आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरलेल्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभारली गेली. तिची सर्वो यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्राने रचली.

कार्यतत्त्व

‘सर्वो’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘सेवक’ या अर्थाच्या शब्दात आहे. मराठीत ‘सेवायंत्रणा’ असेही म्हणतात. सेवकाला आज्ञा मिळते. तो ती पाळतो आणि पाळली गेली की नाही हेही पाहतो. साध्या मोटारीत हा शेवटचा भाग नसतो. सर्वोमध्ये आसाची प्रत्यक्ष स्थिती सतत मोजली जाते, आज्ञा व स्थिती यांतील फरक काढला जातो आणि तो शून्य होईपर्यंत मोटार फिरत राहते. रेडिओ-नियंत्रित खेळण्यातील ट्रकची पुढची चाके वळवणारी, काडेपेटीएवढी डबीही याच तत्त्वावर चालते.

रचना

प्रत्येक अँटेना दिगंश व उन्नतांश या दोन अक्षांभोवती फिरते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरत असल्याने ताऱ्यामागे तिला अखंड सरकावे लागते. १४२० मेगाहर्ट्झला अँटेनाचे दृष्टिक्षेत्र सुमारे २४ कला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राहूनही लहान असते. म्हणून रोखातील चूक एखाद्या कलेच्या आसपास ठेवावी लागते. खरा अडथळा दंतचक्रांचा. दात्यांमध्ये थोडी मोकळीक राहतेच आणि दिशा बदलताना तेवढा आस निसटतो. यासाठी प्रत्येक अक्षावर दोन मोटारी बसवून त्यांना परस्परविरुद्ध किंचित ताणात ठेवले आहे, त्यामुळे दाते एकमेकांना टेकलेले राहतात. उपाय साधा आहे, पण चोख.

पूर्वीच्या मोटारींत कार्बनचे ब्रश होते. ब्रश झिजतात, बदलावे लागतात. शिवाय त्यांच्या ठिणग्यांतून रेडिओ-गोंगाट निर्माण होऊ शकतो. पुढे ब्रशविरहित मोटारी बसवण्यात आल्या.

वारा व पाऊस

खोडद पर्जन्यछायेत येते, त्यामुळे नाणेघाटासारखा पाऊस येथे नसतो. मोठे संकट वाऱ्याचे. तबकडी भरीव पत्र्याची न करता पोलादी तारांच्या जाळीची केल्याने बराचसा वारा आरपार जातो आणि पाणीही साचत नाही. मोटारींवरील भार यामुळेच आटोक्यात राहतो. ताशी सुमारे ४० किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यात निरीक्षण करता येते. त्यापुढे अँटेना आकाशाच्या माथ्याकडे वळवून उभी केली जाते. वादळात अँटेना वेळेत उभी झाली नाही तर एवढ्या मोठ्या सांगाड्याला इजा होण्याचा धोका असतो. सर्वोच्या टिकाऊपणाची खरी कसोटी ती.

लहान सर्वो निवडताना

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला विद्यार्थ्यांच्या प्रतिकृतींचे प्रदर्शन भरते. चालत्या प्रतिकृतीसाठी किंवा आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील चिखलात चालवायच्या ट्रकसाठी सर्वो घेताना आधी तिचे वळणबळ पाहावे. ते किलोग्रॅम-सेंटीमीटरमध्ये देतात: १० किलोग्रॅम-सेंटीमीटरची सर्वो १ सेंटीमीटर भुजेवर १० किलो वजन पेलते, तर ४ सेंटीमीटरवर अडीचच किलो. दगडावर चाक आपटले की प्लॅस्टिकचे दाते तुटतात, त्यामुळे धातूचे दाते बरे. ‘जलरोधक’ या शब्दावर विसंबू नये. आयपी अंक विचारावा. आयपी ६७ मध्ये ६ म्हणजे धुळीला पूर्ण मज्जाव आणि ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे निभाव. पाणी शिरते ते तीन जागांतून: डबीच्या सांध्यातून, आसाभोवतून आणि तारांच्या तोंडातून. आसाभोवतीचे रबरी कडे झिजले की अंक कागदावरच राहतो. सर्वो कितीही चांगली असली तरी शेजारचा रेडिओ-ग्राहक उघडा असेल तर ट्रक पहिल्याच डबक्यात थांबतो.

अशी खेळणी दुर्बिणीच्या परिसरात चालवू नयेत. त्यांचा प्रेषक आणि मोटारीच्या ठिणग्या दोन्ही रेडिओ-लहरी सोडतात, आणि दुर्बीण ज्या लहरी टिपते त्या अतिशय क्षीण असतात.