अवकाशयानांचे छायाचित्रण : एक उपयुक्त छंद

२ एप्रिल २०२२ रोजी सायंकाळी पावणेआठच्या सुमारास मराठवाडा व विदर्भातील असंख्य लोकांनी तेजस्वी गोळ्यांची एक रांग आकाशातून सरकताना पाहिली. कोणास ती उल्का वाटली, तर कोणास कोसळणारे विमान. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी (ता. सिंदेवाही) येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या एका चिनी अग्निबाणाचा तिसरा टप्पा वातावरणात शिरून जळाला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला.

त्या सायंकाळी अनेकांनी भ्रमणध्वनीवर हे दृश्य टिपले. परंतु छायाचित्रासोबत वेळ, ठिकाण आणि दिशा यांची अचूक नोंद असेल, तरच अभ्यासकांना त्याचा खरा उपयोग होतो. जालना जिल्ह्यातील हौशी छायाचित्रकारांनी हे तंत्र अवगत करून घेण्यासारखे आहे.

प्रारंभ आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकापासून करावा. सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून ते दर दीड तासाने पृथ्वीप्रदक्षिणा करते. सूर्यास्तानंतर जमिनीवर काळोख पसरला तरी त्या उंचीवर ऊन असते. त्या उन्हातच ते चमकते. म्हणून ते दिसते संध्याकाळी अथवा पहाटे. विमानाचे दिवे लुकलुकतात, स्थानकाचा प्रकाश मात्र स्थिर असतो. पृथ्वीच्या छायेत शिरताच तो मावळतो. पाच-सहा मिनिटांत ते आकाश ओलांडून जाते. त्याच्या दर्शनाच्या वेळा नासा ही संस्था आगाऊ जाहीर करते. जून-जुलै २०२५ मध्ये भारताचे शुभांशु शुक्ला तेथे वास्तव्यास होते. दुर्दैवाने तो काळ आपल्याकडे ऐन पावसाळ्याचा!

महागडी सामग्री हवीच असे नाही. ज्यावर प्रकाशनाचा काळ हाताने ठरविता येतो असा कोणताही कॅमेरा चालेल. तो ट्रायपॉडवर, तो नसल्यास विहिरीच्या कठड्यावर, घट्ट बसवावा. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडावे, आयएसओ ८०० ते १६०० ठेवावा व दहा ते वीस सेकंदांचे प्रकाशन द्यावे. बटण दाबताना हादरा बसतो, यास्तव टायमर वापरावा. चित्रात यानाची सरळ रेघ उमटते.

ताऱ्यांचे चित्रण याहून सोपे, पण चिकाटीचे. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, त्यामुळे दीर्घ प्रकाशनात तारे कमानी काढतात. ध्रुवतारा तेवढा जवळजवळ जागेवर राहतो. जालना सुमारे वीस उत्तर अक्षांशावर असल्याने तो क्षितिजापासून वीस अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींइतका उंच दिसतो. कॅमेरा तिकडे रोखावा. जालना शहरातील दिव्यांचा व पोलाद कारखान्यांचा उजेड टाळून शिवारात जावे. नोव्हेंबर ते मे या काळातील अमावास्येच्या आसपासच्या रात्री उत्तम. घड्याळ आधी आकाशवाणीच्या वेळेशी जुळवून घ्यावे आणि प्रत्येक चित्राची नोंद तेथेच वहीत करावी. सकाळी ती आठवत नाही.

अवकाशयानाचा तुकडा शेतात पडलेला आढळल्यास त्यास हात लावू नये. इंधनाच्या टाकीत विषारी अंश उरलेला असू शकतो. दुरूनच छायाचित्र घ्यावे, आकारमान समजण्यासाठी चौकटीत एखादी ओळखीची वस्तू येऊ द्यावी आणि पोलीस पाटील किंवा तहसील कार्यालयास तत्काळ कळवावे.