धर्मग्रामाचा कारभार आणि प्रापंचिकांचा वाटा

वसईच्या हरित पट्ट्यात, पापडीपासून आगाशीपर्यंत जे जुने धर्मग्राम आहेत, त्यांचा इतिहास लिहिताना बहुतेकांनी मिशनऱ्यांची नावे, बिशपांच्या कारकिर्दी आणि चर्चांच्या जीर्णोद्धाराच्या तारखा मोठ्या निगुतीने नोंदविल्या आहेत. परंतु ज्या बागाईतदारांनी, कोळ्यांनी आणि घरोघरच्या बायांनी पिढ्यानपिढ्या त्या चर्चांची झाडलोट केली, सणाची वर्गणी गोळा केली, मयताच्या घरी रात्र जागवून जपमाळ म्हटली आणि मुलांकडून प्रार्थना घोकून घेतल्या, त्यांच्याकडे इतिहासकारांची लेखणी क्वचितच वळली. धर्मगुरूंच्या काही वर्षांनी बदल्या होतात. प्रापंचिक मात्र बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंत बहुधा त्याच धर्मग्रामात असतो. धर्मग्रामाचे सातत्य म्हणूनच मुख्यतः त्याच्या हाती असते, आणि जेथे कामाबरोबर अधिकाराचाही काही अंश त्याच्याकडे आला तेथेच ते सातत्य निकोप राहिले, असे माझे स्पष्ट मत आहे.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला सर केला आणि दोन शतकांची पोर्तुगीज सत्ता तेथून उठली, तेव्हा युरोपीय धर्मगुरूही सत्तेबरोबर निघून गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेची आध्यात्मिक देखभाल गोव्याच्या एतद्देशीय धर्मगुरूंकडे आली. पण त्यांची संख्या तोकडी आणि प्रदेश विस्तीर्ण. अशा काळात ज्या समाजाच्या मागे ना राजसत्तेचे पाठबळ ना मठांचे उत्पन्न, तो आपली उपासना, आपले सण आणि आपली संवेदी, वाडवळी वा कोळी बोली एकाच वेळी सांभाळून राहिला, याचे श्रेय आळीआळीतील वडीलधाऱ्यांना आणि घराघरांतील आजीला दिले पाहिजे.

याहून विलक्षण उदाहरण जपानचे आहे, आणि त्याचा वसईशी एक रक्ताचा धागा आहे. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा फ्रान्सिस्कन ब्रदर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाला. १८६२ साली पोप पायस नववे यांनी त्याला संतपद दिले. त्यानंतर तीनच वर्षांनी, मार्च १८६५ मध्ये, नागासाकीच्या ओउरा येथील नव्या चर्चमध्ये फादर पेतिजाँ यांच्यापुढे उराकामी गावचे काही लोक येऊन उभे राहिले आणि आपण त्यांच्याच श्रद्धेचे आहोत असे त्यांनी हलक्या आवाजात सांगितले. दोनशेहून अधिक वर्षे त्या लोकांना धर्मगुरूचे दर्शन घडले नव्हते. एकाने सणवारांचे पंचांग राखायचे, दुसऱ्याने बाप्तिस्मा द्यायचा, तिसऱ्याने घरोघरी निरोप पोहोचवायचे, अशी कामाची वाटणी करून त्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी ख्रिस्ती धर्मावरील प्राणावर बेतणाऱ्या बंदीतही धर्मग्राम जिवंत ठेवला होता. प्रापंचिक म्हणजे धर्मगुरूचा हरकाम्या मदतनीस, अशी समजूत ज्यांच्या मनात अजून रेंगाळते आहे त्यांनी हा वृत्तान्त अवश्य वाचावा.

गोव्यात स्थिती निराळी होती. तेथे सत्ता अनुकूल होती, धर्मगुरू विपुल होते, आणि तरीही चर्चच्या द्रव्यव्यवहाराची वहिवाट पाहणारी ‘फाब्रिका’ आणि सण, दफन, मिरवणूक यांचा भार उचलणाऱ्या ‘कोन्फ्रारिया’ या संस्थांत खजिनदार, कारकून, मुखत्यार असे प्रापंचिक अधिकारी असत व रीतसर जमाखर्च ठेवला जाई. या संस्थांना जातिभेदाचे ग्रहण लागले होते. अमुक संघात अमुक जातीचेच सभासद, हा दंडक अनेक गावांत दीर्घकाळ चालला, आणि त्यावरून उठलेल्या तंट्यांनी धर्मग्राम दुभंगले, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र त्याच व्यवस्थेने ‘मेस्त’ हा एक अपूर्व माणूस घडविला. धर्मग्रामाच्या शाळेत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवणारा, चर्चमधील गायकवृंद चालवणारा, वाडीतल्या क्रूसापुढे लदीन ही प्रार्थनामाला म्हणणारा हा मेस्त प्रापंचिकच असे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ज्या गोवेकर वादकांनी पुढे वाद्यवृंद उभे केले त्यांच्यापैकी कितीएकांचे पहिले धडे अशाच शाळांत झाले होते. एका गावच्या उपासनेसाठी केलेल्या मेहनतीचे फळ असे सबंध देशाच्या कानी पडले!

मुंबई बेटावर प्रापंचिकांच्या निष्ठेने प्रसंगी उग्र रूपही धारण केले. पोर्तुगालच्या राजाचा धर्माश्रयाचा हक्क म्हणजे पाद्रोआदो आणि रोमचे धर्मप्रसार मंडळ म्हणजे प्रोपागांदा यांच्यातील अधिकारकलहात १८५३ साली माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये प्रोपागांदाचे बिशप हार्टमन आपल्या अनुयायांसह कित्येक दिवस पाद्रोआदो पक्षाच्या लोकांच्या वेढ्यात अडकून पडले होते. त्या हट्टाचे समर्थन कोणी करू नये. पण चर्च आपले आहे ही भावना किती खोल रुजली होती, हे त्यातून दिसते. हीच भावना पुढे अधिक सौम्य रीतीने प्रकटली. १८९६ मध्ये प्लेगची साथ उसळल्यावर खोताचीवाडी, रानवार, माथारपाखाडी अशा वस्त्यांतून लोकांनी क्रूस आणि छोटी प्रार्थनास्थळे उभारली आणि सायंप्रार्थना दाराशी आणली. त्यांपैकी पुष्कळ क्रूसांना आजही संध्याकाळी फुले वाहिली जातात.

ऐहिक बाबतीतही हा वाटा लहान नाही. सावकाराच्या व्याजाखाली भरडलेल्या वसईच्या बागाईतदारांसाठी १९१८ साली मॉन्सिन्यॉर मोनीस यांच्या पुढाकाराने सहकारी पतपेढी निघाली. आजची बॅसीन कॅथॉलिक बँक ती हीच. प्रेरणा धर्मगुरूची, पण भागभांडवल आणि विश्वास प्रापंचिकांचा!

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेश काढला, आणि जे लोक आजवर वहिवाटीने करीत होते त्याला तत्त्वाचे अधिष्ठान लाभले. उपासना मराठीतून होऊ लागली, वेदीजवळच्या वाचनपीठावर प्रापंचिक उभा राहिला. १९८३ च्या धर्मसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती आवश्यक ठरवली. धर्मग्राम परिषद मात्र बिशपांच्या विवेकावर सोपवली, आणि तिचे मत सल्ल्यापुरतेच ठेवले.

आज वसईच्या एखाद्या धर्मग्रामात रविवारची सकाळ पाहावी. दुसरी मिस्सा आटोपून लोक पांगू लागले की कार्यालयातल्या लांब मेजावर दानाच्या थैल्या रिकाम्या केल्या जातात. निरनिराळ्या आळ्यांतील दोघे-तिघे नोटांच्या गड्ड्या लावतात, नाणी चवडीने मोजतात, आकडा एकदा मोठ्याने वाचून दुसऱ्याकडून पडताळून घेतात, आणि मग वहीत सह्या होतात. बाहेर ओट्यावर कोणी शिक्षिका पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या मुलांना दहा आज्ञा म्हणायला लावत असते. ऑक्टोबरात पाळीपाळीने घरोघर जपमाळ होते. लघु ख्रिस्ती समूहाचा प्रमुख कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाच्या मुलाची फी थकली आहे, याची विचारपूस तेथेच करतो. निवृत्त कारकून, परिचारिका, केळीच्या बागेतून आलेला शेतकरी, यांना या कामाबद्दल एक कपर्दिकही मिळत नाही.

आणि तरी मला चिंता वाटते. धर्मग्रामाची सेवा म्हणजे सणाचा मंडप, रोषणाई आणि देणगीदारांच्या नावांचा फलक, ही कल्पना वाढत चालली आहे. पैसे देऊन मोकळे होणे सोपे झाले आहे. परिषदेच्या बैठकीत आधीच ठरलेल्या गोष्टींना माना डोलवण्याचे काम उरले, तर कर्तबगार तरुण तेथे का येईल? चर्चमधील निम्म्याहून अधिक श्रम स्त्रिया करतात, पण द्रव्याचा निर्णय होतो त्या मेजाभोवती त्यांची संख्या विरळ असते. नालासोपारा-विरारच्या उंच इमारतींत मंगळूर, केरळ आणि गोवा येथून आलेली कुटुंबे राहतात. जुन्या आळीची वहिवाट त्यांना ठाऊक नसते, आणि त्यांना बोलावण्याचे कोणी मनावर घेत नाही.

रोमच्या सिनॉडमध्ये २०२३ साली प्रापंचिक स्त्री-पुरुषांनी प्रथमच मतदान केले, आणि ऑक्टोबर २०२४ च्या अंतिम दस्तऐवजात धर्मग्राम परिषदेसारखी सल्लागार मंडळे सक्तीची करण्याचा व आर्थिक अहवाल दरवर्षी मांडण्याचा आग्रह धरला गेला. वसईच्या धर्मग्रामांनी रोमहून आदेश उतरण्याची वाट पाहू नये. वर्षाचा जमाखर्च सोप्या मराठीत चर्चच्या फलकावर लावणे, अर्थसमितीत स्त्रियांना निम्म्या जागा देणे आणि परिषदेत इमारतींतील भाडेकरू कुटुंबांचा एक तरी प्रतिनिधी घेणे, एवढे तर येत्या सणापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाला सहज करता येईल.